मणक्यातला गॅप

त्या दिवशी मी जड असं काही उचललंच नव्हतं. फेब्रुवारी महिना, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे ऐन भरात, सकाळचे साडेआठ. दुकान उघडून, देवाला उदबत्ती लावून मी खालच्या कप्प्यातली गेल्या वर्षीची खतावणी काढायला वाकलो. ती हाताला येईना म्हणून जरासा डावीकडे वळलो आणि कमरेत काहीतरी अडकलं, गंजलेल्या बिजागरीसारखं. वर येता येईना, खाली बसता येईना. एक हात टेबलाच्या कडेला, दुसरा गुडघ्यावर, आणि नाकासमोर वीतभर अंतरावर खतावणीचा लाल कापडी पुठ्ठा. त्याच्या कोपऱ्याची शिवण उसवली होती, एक पांढरा दोरा लोंबत होता. किती वेळ तो दोरा बघत तसाच वाकून होतो कोण जाणे.

हमालांच्या मुकादमांनी पाहिलं. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. "दिवाणजी, उसण भरली व्हय? हलू नगा, हलू नगा," म्हणत त्यांनी आणखी तिघांना हाक मारली. चौघांनी मिळून मला रिकाम्या बारदानाच्या थप्पीवर आडवं केलं. ज्यांच्या पाठीवरून सीझनभर पोत्यांमागून पोती जातात, त्या माणसांनी वीस वर्षं खुर्चीवर बसून हिशेब लिहिणाऱ्या माझी कंबर सावरली, हे मला तेव्हाच आत कुठेतरी लागलं.

घरी आणल्यावर आईने पहिली आठवण काढली ती पायाळू माणसाची. पायाकडून जन्मलेल्या माणसाने पाठीला पाय लावला की उसण निघते, असं आमच्याकडे अजून मानतात. गल्लीतल्या एक मावशी पायाळू आहेत. त्या बिचाऱ्या चहा अर्धा टाकून आल्या, हळूच पाय लावून गेल्या. दुखणं गेलं नाही, पण घरातले सगळे घाबरले होते ते जरा निवळले. तेवढं त्या मावशींचं देणं मी मानतो.

खरा घाबरलो तो पुढे आठ दिवसांनी, एमआरआयच्या फाइलसकट डॉक्टरांसमोर बसलो तेव्हा. त्यांनी फिल्म उजेडाला धरली, पेनाच्या टोकाने एक जागा दाखवली आणि म्हणाले, "गॅप आहे इथं." पुढे बरंच बोलले असतील, माझ्या कानात तेवढा एकच शब्द राहिला.

आपल्याकडे हा शब्द किती बोकाळलाय बघा. एसटीच्या स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत, दळणाच्या रांगेत, कुणीही सहज सांगतं, "माझ्या मणक्यात गॅप पडलाय." ऐकणारा मान हलवतो, बहुतेक वेळा स्वतःचाही गॅप सांगतो. आणि हा शब्द उच्चारताना प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे चित्र असतं ते सुटत चाललेल्या साखळीचं, किंवा भिंतीतल्या निसटलेल्या विटेचं. वाकलो तर अजून सुटेल, उचललं तर तुटेल. वास्तवात डॉक्टरांना सांगायचं असतं ते साधारण उलटंच. आपल्या पाठीत हलते मणके २४. मानेचे ७, पाठीचे १२, कमरेचे ५. त्यांच्यामध्ये कूर्चेच्या २३ गाद्या. वयानुसार त्यातली एखादी गादी थोडी सुकते, चपटी होते आणि दोन मणक्यांमधलं अंतर कमी होतं. अंतर घटलेलं असतं आणि आपण म्हणतो गॅप पडला. त्या दिवशी डॉक्टर नुसतं "गादी जरा झिजलीय, वयाप्रमाणे झिजतेच" एवढं म्हणाले असते, तर माझे पुढचे चार महिने वाचले असते असं मला आजही वाटतं.

ते चार महिने असे गेले. तीन आठवडे अंथरुणाला खिळून. मऊ गादी काढून टाकली, लाकडी फळीवर सतरंजी. कमरेला पट्टा. वाकायचं नाही, उचलायचं नाही, जमिनीवर बसायचं नाही, स्कूटर नाही. सगळे नियम मी देवाचं व्रत पाळावं तसे पाळले. बूट घालायला मुलगा, बादली उचलायला बायको. भाचीच्या बाळाच्या बारशाला गेलो तर सगळे खाली मांडी घालून बसलेले आणि मी एकटा भिंतीला टेकवलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत, पट्टा आवळून. ताईने बाळ पुढे केलं, मी हात मागे घेतले. तीन किलोचं लेकरू. ते मला सगळ्यात जास्त जड गेलं.

आणि दुखणं? ते मुरत गेलं. पहिल्या आठवड्यातली कळ गेली, पण त्या जागी एक सततचा ठणका येऊन बसला. मांड्या बारीक झाल्या. यार्डातून घरी चालत यायचो तो रिक्षाने यायला लागलो.

शेवटी बायकोच्या हट्टाने मिरजेला एका फिजिओथेरपिस्टकडे गेलो. मिरज म्हणजे आमच्याकडचं दुखण्याखुपण्याचं पंढरपूर. १८९४ साली विल्यम वानलेस यांनी तिथे मिशनचं हॉस्पिटल काढलं तेव्हापासून चारी बाजूंनी, अगदी कर्नाटकातूनही, लोक तिथे येत आलेत. ही मुलगी माझ्या भाचीच्या वयाची असेल. तिने फाइल बाजूला ठेवली आणि विचारलं, "काका, तुमच्या कमरेला काय झालंय असं तुम्हाला वाटतं?"

असं मला तोवर कुणीच विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "गॅप आहे." ती म्हणाली, "आणि वाकलात तर काय होईल?" मला उत्तर देता येईना. घसा दाटून आला.

तिने खुर्चीवरचा पंचा उचलून जमिनीवर टाकला. पांढरा, निळ्या काठाचा, धुऊन धुऊन विरलेला. "उचला." मी तिच्याकडे पाहत राहिलो. तिने घाई केली नाही. पाय खांद्याइतके फाकवून ठेवायला सांगितले, श्वास रोखू नका म्हणाली. मी गुडघे जरा सैल सोडले, कमरेतून पुढे झुकलो, बोटं काठाला लागली, मुठीत पंचा आला. वर आलो. दुखलं, खोटं कशाला सांगू. पण काही तुटलं नाही. तिने पंचा पुन्हा खाली टाकला. दहा वेळा. दहाव्या वेळी माझ्या लक्षात आलं की मी पाठीकडे बघणं सोडून पंच्याकडे बघतोय.

मग तिने जे सांगितलं ते मी नंतर जमेल तसं वाचून पडताळत गेलो. हिशेबनीस माणूस, नोंद जुळल्याशिवाय चैन पडत नाही. २०१५ साली ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा ३,११० माणसांच्या चित्रणांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. कसलीही तक्रार नसलेल्या त्या माणसांमध्ये विशीतल्या ३७ टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या, पन्नाशीतल्या ८० टक्क्यांच्या. म्हणजे सौदे बघायला उभ्या असलेल्या पन्नाशीतल्या दहा धडधाकट व्यापाऱ्यांना धरून एमआरआयला घातलं, तर आठांच्या कागदावर माझ्यासारखंच काहीतरी लिहून येईल. केस पांढरे होतात तसंच हे. झिजेतून कुणालाच दुखत नाही असं नव्हे, पण नुसत्या फिल्मवरून दुखण्याचा हिशेब लागत नाही.

विश्रांतीचंही तसंच. १९९५ साली फिनलंडमध्ये हेलसिंकी शहराच्या कर्मचाऱ्यांवर अभ्यास झाला. कंबर नुकतीच धरलेल्यांचे तीन गट केले. एकाला दोन दिवस अंथरूण, एकाला व्यायाम आणि तिसऱ्याला सांगितलं की झेपेल तेवढं रोजचं काम चालू ठेवा. सगळ्यात लवकर बरा झाला तो तिसरा गट. तिथे दोन दिवसांचं अंथरूणसुद्धा मागे पडलं आणि मी तीन आठवडे झोपून होतो! लाकडी फळीचा आग्रहसुद्धा टिकला नाही. स्पेनमध्ये ३१३ जणांवर झालेल्या आणि २००३ साली छापून आलेल्या चाचणीत जुनाट कंबरदुखीला एकदम कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादी जास्त मानवली. पट्टा तर मी तिथेच सोडून आलो. २०१६ साली २१ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास आला, त्यात पट्ट्याने कंबरदुखी टळते असं काही दिसलं नाही. नियमित व्यायाम आणि सोबत नीट समजावणं, याने मात्र नव्याने दुखण्याचा धोका साधारण ४५ टक्क्यांनी घटला. समजावणं हा शब्द मी मुद्दाम लिहितोय. औषधाच्या चिठ्ठीवर तो कधी दिसत नाही.

असं का होतं, तेही तिनेच सांगितलं आणि ते मला फार आवडलं. मोठ्या माणसाच्या मणक्यातल्या गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. तिचं अन्नपाणी आजूबाजूने झिरपत येतं आणि ते खेळतं राहायला मणक्यांची हालचाल लागते. भार आला, सुटला, पुन्हा आला, की गादी दाबली जाते, फुलते, त्यातून ओलावा आतबाहेर होतो. रात्री आडवं झाल्यावर ती पाणी ओढून घेते, दिवसभरात ते हळूहळू निघून जातं. त्यामुळे माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच असतो. उठल्या उठल्या ती गादी टम्म फुगलेली असते आणि तेव्हा खोल वाकण्याचा ताण तिला जास्त होतो. १९९८ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. जुनाट कंबरदुखीच्या लोकांना सकाळचे पहिले काही तास कमरेतून वाकणं टाळायला शिकवलं, तर त्यांचं दुखणं कमी झालं. मी हे ऐकलं तेव्हा ती खतावणी आठवली. ती सकाळी खालच्या कप्प्यातून अंग पिळून काढायची काही गरज नव्हती. आता चालू आणि मागच्या वर्षीच्या वह्या कमरेच्या उंचीच्या फळीवर असतात. साधी गोष्ट, पण ती करायला मला वीस वर्षं आणि एक उसण लागली.

माझे आजोबा आटपाडीचे. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती आणि औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी म्हणजे सूर्यनमस्काराचं वेड घेतलेला माणूस. १८६८ चा जन्म, १९५१ साली गेले. स्वतः रोज नमस्कार घालायचे आणि संस्थानातल्या शाळांमध्ये मुलामुलींकडून घालून घ्यायचे. आजोबा त्या शाळेतले. ऐंशी पार केल्यावरही सकाळी परसात पूर्वेकडे तोंड करून बारा नमस्कार, सावकाश. पण ते उठल्याबरोबर कधी घालायचे नाहीत. आधी विहिरीपर्यंत फेरी, गोठा, गुरांना वैरण, मग नमस्कार. त्यांना गादीतल्या पाण्याचं शास्त्र ठाऊक नव्हतं, अंग आधी मोकळं व्हावं लागतं एवढं ठाऊक होतं. मी आता तसंच करतो. आणि ज्याची कंबर आज, या आठवड्यात धरलेली आहे, त्याने नमस्कारातलं ते पूर्ण खाली वाकणं काही दिवस बाजूला ठेवावं. नमस्कार कुठे पळून जात नाहीत.

माझ्या वाट्याला आलं ते चालणं. सुरुवातीला गल्लीच्या टोकापर्यंत आणि परत, घड्याळ लावून सात मिनिटं. मग दहा, मग पंधरा. दोन महिन्यांनी हरिपूरच्या रस्त्याला लागलो. सांगलीकरांना सांगायला नको, पहाटे त्या रस्त्याला निम्मं गाव असतं. शेवटी कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ. वाटेत जुने लोक अजून हळदीच्या पेवांच्या जागा दाखवतात. जमिनीत खोल खणलेली ती कोठारं, हळद वर्षानुवर्षं टिकायची म्हणे त्यात. २००५ च्या महापुरात त्यांची फार दैना झाली. संगमावर पोचलो की पायरीवर जरा टेकायचं, पाण्याकडे बघायचं, उठायचं, परत. २०२४ साली ऑस्ट्रेलियातली एक चाचणी छापून आली, ७०१ माणसांची. नुकतेच कंबरदुखीतून उठलेल्यांना फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालण्यापर्यंत नेलं. चालणाऱ्यांचं दुखणं पुन्हा उलटायला साधारण २०८ दिवस लागले, न चालणाऱ्यांचं ११२ दिवसांत उलटलं. मला स्वतःला पहिल्या वर्षात दोनदा चमक भरली. दोन्ही वेळा झोपलो नाही. गरम पाण्याची पिशवी, दोन दिवस सावकाश, तिसऱ्या दिवशी पुन्हा रस्त्यावर.

दुकानात दर अर्ध्या तासाने उठतो. फोन आला की उभा राहून बोलतो. ताठ बसा, ताठ बसा, हे लहानपणापासून ऐकलंय. पण तासन्‌तास ताठ बसणंही तितकंच वाईट. कंबरेला एकाच जागी खिळून राहणं नको असतं, मग ते पोक काढून असो की ताठ. आईला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आम्ही भांगलायला बसायचो तेव्हा एका पायावरनं दुसऱ्या पायावर सरकतच असायचो की. एकाच ठिकाणी बसून पात धरता येते व्हय?" तिने चाळीस वर्षं खुरपं चालवलं. कंबर तिचीही दुखायची, पण तिला कुणी गॅप सांगितला नव्हता.

एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून बघावी. शंभरातल्या बहुतेक कंबरा काही आठवड्यांत आपोआप वळणावर येतात, काही येत नाहीत आणि त्यांना थांबायला वेळ नसतो. लघवी किंवा संडासवरचा ताबा सुटला, मांड्यांमधला बसण्याचा भाग बधिर पडला, पायातली ताकद जाऊन पाऊल घसटायला लागलं, तर त्याच दिवशी, त्याच तासाला मोठं हॉस्पिटल गाठायचं. ताप येतोय, वजन उतरतंय, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं आहे, पूर्वी कर्करोग झालेला आहे, किंवा म्हातारं माणूस नुसतं घसरून पडलं तरी पाठ धरून बसलंय, तरी चालणं-बिलणं नंतर, आधी तपासणी. आमच्या यार्डातल्या एका तोलाराला तीन महिने सगळे उसणच म्हणत होते. संध्याकाळी कणकण यायची, सदरा ढिला होत चालला होता. निघाला मणक्याचा क्षय. क्षयाची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, त्याने ती नेमाने पुरी केली, आज तो काट्यावर उभा आहे. आपल्या देशात हा आजार अजून आहे हे विसरून चालणार नाही.

आता जे लिहायचंय ते लिहिताना हात अडखळतो. "हालचाल करा, भार घ्या, घाबरू नका" हे माझ्यासारख्या बसून राहणाऱ्याला ठीक. ज्याची पाठ हेच ज्याचं पोट आहे त्याला मी काय सांगू? लोखंडी आकडा पोत्याच्या कोपऱ्यात रुततो, दोघं हिसका देतात, तिसरा पाठ देऊन खाली शिरतो, पोतं मानेच्या आणि खांद्याच्या मध्ये बसतं, मग फळीवरून ट्रकमध्ये. हे सकाळपासून संध्याकाळपर्यंत. मामा सांगतात, त्यांच्या वडिलांनी क्विंटलची पोती वाहिली. आता पोतं पन्नास किलोच्या आसपास आलंय, ते काही कुणी दया म्हणून दिलेलं नाही, हमालांनी लढून मिळवलंय. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालीच सांगून ठेवलं होतं की प्रौढ पुरुषाने उचलून न्यायचं ओझं ५५ किलोच्या वर असू नये. आपल्या राज्यात १९६९ साली माथाडी कायदा झाला, हमालाला मजूर म्हणून नाव मिळालं. तरी हमाली अजून पोत्यामागे मिळते. ज्या दिवशी पाठ दुखते त्या दिवशी पोतं नाही आणि पोतं नाही म्हणजे पैसा नाही. माझ्या कमरेला भार कमी पडला, त्यांच्या पाठीला विसावा कमी पडतो. आणि हळदीबरोबर ऊसही आठवतो. मराठवाड्यातून आलेल्या बायका डोक्यावर उसाची मोळी घेऊन, चिखलातून, फळीवरून ट्रॉलीत चढतात. त्यांना "नीट गुडघ्यात वाकून उचला" असं सांगणारा फलक लावून कुणाची जबाबदारी संपत नाही. ओझं लहान करणं, कामाच्या पाळ्या पाडणं, आजारपणाचा खाडा भरून देणं, ट्रॉलीला नीट शिडी लावणं, कंबर वाचते ती यातून. मी हे शेठजींना सांगितलंय. हातगाड्या दोन वाढल्या. बाकीचं अजून सांगतोय.

गेल्या महिन्यात दुपारचे सौदे उरकल्यावर मामा दुकानात आले. हातात एमआरआयची मोठी पिशवी, घाम लागू नये म्हणून वर गमछा गुंडाळलेला.

"दिवाणजी, इंग्रजीत हाय. गॅप लिवलंय का बगा जरा."

मी त्यांना खुर्ची दिली. अहवाल दोनदा वाचला. मग कागद खाली ठेवून विचारलं, पायात मुंग्या येतात का, पाऊल उचलतंय ना, लघवीला काही त्रास, रात्री ताप? सगळ्याला "न्हाई." मिरजेच्या त्या मुलीचा नंबर चिठ्ठीवर लिहून दिला. मग तिने मला जे विचारलं होतं, तेच मी मामांना विचारलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. बाहेर कुणीतरी हळदीची पोती मोजत होतं, अकरा, बारा, तेरा.

"आता सुटंल, आसं वाटतंय," ते म्हणाले. "येखाद्या दिशी पोत्याखालीच सुटंल."

मी त्यांना वयाचे ते आकडे सांगितले, गादीचं सांगितलं, दहातल्या आठ व्यापाऱ्यांचं सांगितलं. पंधरा दिवस थप्पी मोजायचं काम त्यांनी करायचं आणि त्यांच्या पोत्यांची हमाली टोळीने वाटून घालायची, असं टोळीतल्या पोरांनी आपणहून कबूल केलं होतं, तेही सांगितलं. त्यानंतर हलकी कामं, मग हळूहळू. मामा ऐकत होते. मग उठले. त्यांचा आकडा खुर्चीच्या पायाशी पडला होता. मी उचलायला पुढे झालो आणि थांबलो.

त्यांनी एक हात टेबलावर टेकला, पाय जरा फाकवले आणि सावकाश वाकले.